अन्नावरची वासना कां उडते?

आजाऱ्याच्या समाचारास गेलें म्हणजे वऱ्हाडांत पहिला प्रश्न ताप किती आहे हा नसतो; "कांहीं पोटांत गेलें काय?" हा असतो. उत्तरही बहुधा ठरलेलें असतें. "तोंडाले चवच नाहीं, कालपासून दोन घास गेले नाहींत." मग घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, अन्नावांचून अंगांत शक्ति कोठून येणार, चार घास बळेंच भरवा. दुसरा म्हणतो, तापांत अन्न म्हणजे विष, लंघन घडूं द्या. दोन्ही पक्षांचीं माणसें मायेचींच असतात आणि आजारी बिचारें भिंतीकडे तोंड करून पडलेलें असतें. घरोघर जाणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस व भगिनींस हा तंटा वारंवार तोडावा लागतो. तो तोडण्यापूर्वीं भूक जाते ती कशानें जाते हें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण कांहीं प्रसंगीं ती गेलेली बरी असते, आणि एका प्रसंगीं ती गेली असतां तासाचाही विलंब जिवावर बेततो.

भूक पोटांत लागते असें आपण म्हणतों. परंतु तिचा हिशेब ठेवणारें दप्तर डोक्यांत आहे. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा बदामाएवढा एक भाग आहे. गांवच्या तलाठ्याकडे जशी पिकाची, पाण्याची व वसुलीची खबर येते, तशी ह्या भागाकडे सर्व शरीराची खबर येत असते. ही खबर पुष्कळशी अंतःस्रावांच्या मार्फत येते. अंतःस्राव म्हणजे शरीरांतील ग्रंथींनीं अगर पेशींनीं रक्तांत सोडलेला रासायनिक निरोप; शाळेंत शिकणारीं मुलें ह्यासच हार्मोन म्हणतात. जठर रिकामें झालें म्हणजे त्याच्या अस्तरांतून घ्रेलिन नांवाचा स्राव रक्तांत उतरतो व "अन्न पाहिजे" असें कळवितो. हा स्राव जपानांतील कोजिमा व कांगावा ह्या संशोधकांनीं १९९९ सालीं शोधून काढला. जेवण आंतड्यांत उतरूं लागलें कीं तेथून दुसरे स्राव निघतात व "आतां पुरे" असें सांगतात. अंगांतील चरबीही लेप्टिन नांवाचा आपला निरोप पाठविते, त्याचा अर्थ असा कीं कोठार भरलेलें आहे, घाई नाहीं. ह्याखेरीज पोटापासून थेट मेंदूपर्यंत व्हेगस नांवाचा एक लांब मज्जातंतु गेला आहे. जठर किती ताणलें, आंत कांहीं अपायकारक आलें काय, हें तो तारेसारखें तत्काळ कळवितो. निरोगी माणसांत हा सारा कारभार इतका बिनबोभाट चालतो कीं शेतावरून येणाऱ्या माणसास भाकरीची आठवण व्हावी यापलीकडे त्याचा सुगावा लागत नाहीं.

रोगजंतु शरीरांत शिरले म्हणजे त्यांच्या विषाचा हात ह्याच दप्तरापर्यंत पोंचतो. तो कसा पोंचतो हें पाहूं.

जंतूंचीं विषें ढोबळपणें दोन प्रकारचीं आहेत. कांहीं जंतु जिवंत असतांनाच विष बाहेर टाकतात. धनुर्वाताचें व घटसर्पाचें विष ह्या जातीचें आहे. पटकीचेंही असेंच आहे, आणि तें सिद्ध करणारा मनुष्य आपल्याच देशाचा होता. कलकत्त्याचे डॉक्टर शंभुनाथ दे ह्यांनीं १९५९ सालीं दाखवून दिलें कीं, पटकीचे जंतु गाळून काढलेला निव्वळ द्रव सशाच्या आंतड्यांत सोडला तरीही आंतडें पाण्यानें फुगतें. जंतूची हजेरी नको. त्याचें विष पुरें. तें विष आंतड्याच्या अस्तरास असें वेठीस धरतें कीं अंगांतील मीठ व पाणी धो-धो बाहेर वाहूं लागतें. हा रोग जुन्या काळचा आहे असें कोणी समजूं नये. २०२२ च्या जुलै महिन्यांत आपल्याच अमरावती जिल्ह्यांत, मेळघाटांतील चिखलदरा तालुक्यांत, पाचडोंगरी व कोयलारी ह्या गांवीं उघड्या विहिरीच्या दूषित पाण्यानें पटकी पसरली व माणसें दगावलीं. पटकींत प्रश्न भुकेचा नसून पाण्याचा असतो. तेथें जेवण्याची चर्चा करीत बसूं नये, मीठ-साखरेचें पाणी घोट घोट पाजीत रोग्यास दवाखान्यांत न्यावें.

दुसऱ्या प्रकारचें विष जंतूच्या कवचांतच असतें. बर्लिन येथें कॉखसाहेबांच्या हाताखालीं काम करणाऱ्या रिचर्ड फायफर ह्यांस १८९२ सालीं असें आढळलें कीं, पटकीचे जंतु उष्णतेनें मारून टोंचले तरी गिनीपिग मरतात. म्हणजे मेलेल्या जंतूच्या कुडींतही विष शिल्लक राहतें. त्यास त्यांनीं अंतर्विष अशा अर्थाचें नांव दिलें. विषमज्वराचे जंतु, रक्ती हगवणीचे कित्येक जंतु, मूत्रमार्गाच्या दाहाचे व नवजात अर्भकाच्या रक्तांत शिरणारे पुष्कळसे जंतु, ह्या सर्वांच्या कवचांत हें विष असतें. भूक मारण्याच्या कामीं मुख्य आरोपी हाच आहे, म्हणून आमच्या पाठाचा भर ह्यावर आहे.

येथें थोडें आडवळण घेऊन एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुन्हा उकळलें कीं विटलेलें अन्न शुद्ध होतें अशी समजूत आपल्याकडे फार आहे. उकळल्यानें जंतु मरतो हें खरें. पण स्टॅफिलोकोकस नांवाचा जो जंतु आपल्या नाकांत व हातावरच्या फोडांत राहतो, तो बासुंदींत किंवा खव्यांत वाढून जें विष सोडतो तें उकळीसही दाद देत नाहीं. तें पोटांत गेलें कीं व्हेगसच्या तारेनें मेंदूस वर्दी जाते आणि दोन-चार तासांत ओकाऱ्या सुरू होतात. लग्नाच्या पंगतींत हें कितीदां होतें तें सर्वांस ठाऊक आहे. आपल्या जिल्ह्याच्या मातींतून निघालेल्या गाडगे महाराजांनीं हातांत खराटा घेऊन गांवें झाडलीं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापून ग्रामसफाईचा धडा खेडोपाडीं नेला. महाराजांच्या पुण्यतिथीस गुरुकुंजांत दरसाल मोठा समुदाय जमतो. असा मेळा असो अथवा आपल्या मंडळीचें प्रीतिभोजन असो, वाढणाऱ्याच्या हातावर फोड असेल तर त्यानें पातेल्यास हात लावूं नये, आणि सकाळीं रांधलेलें दूधदुभतें संध्याकाळपर्यंत उन्हाळ्यांत ठेवूं नये.

आतां अंतर्विषाकडे वळूं. तें किती थोडें पुरतें हें ऐकून आश्चर्य वाटतें. निरोगी माणसांनीं स्वखुशीनें आपणांस हें विष टोंचून घेतल्याचे प्रयोग पाश्चात्य देशांत झाले आहेत. वजनाच्या दर किलोमागें ग्रॅमचा शंभर कोटींवा भाग, किंवा असे दोन-चार भाग, एवढेंच टोंचतात. तासा-दोन तासांत हुडहुडी भरते, डोकें दुखतें, ताप चढतो, आणि समोर ताट ठेवलें तरी नको वाटतें. दुसऱ्या दिवशीं मनुष्य पूर्ववत् होतो.

एवढ्याशा विषानें एवढा गोंधळ कसा होतो? उत्तर असें कीं गोंधळ विष करीत नाहीं. आपलेच पहारेकरी करितात. अमेरिकेंत उंदरांची एक अशी जात होती कीं तिला हें विष मुळींच बाधत नसे. विष टोंचलें तरी ते उंदीर खातपीत राहात. ब्रूस ब्यूटलर ह्यांच्या मंडळानें १९९८ सालीं ह्याचें कारण शोधलें. आपल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर अंतर्विष ओळखणारी एक कडी असते. त्या उंदरांत ती कडी बिघडलेली होती. ह्या शोधाबद्दल ब्यूटलर ह्यांस २०११ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. कडी वाजली कीं पांढऱ्या पेशी जागच्या जागीं निरोप लिहूं लागतात. ह्या निरोपांस सायटोकाइन म्हणतात. त्यांपैकीं एकाची हकीकत मौजेची आहे. न्यूयॉर्कचे अँथनी सेरामी हे रोगानें खंगणाऱ्या जनावरांच्या रक्तांत, त्यांस कोण खंगवितें तें शोधीत होते. सांपडलेल्या द्रव्यास त्यांनीं खंगविणारा अशा अर्थाचें कॅकेक्टिन हें नांव दिलें. १९८५ सालीं कळलें कीं, गांठी वितळविणारें म्हणून दुसरे संशोधक ज्याच्या मागें लागले होते तें द्रव्य व हें एकच. आपल्या रक्षणाचें शस्त्र तेंच, आणि प्रमाणाबाहेर गेलें तर आपणांस झिजविणारेंही तेंच.

हे निरोप रक्तांतून व व्हेगसच्या वाटेनें मेंदूस पोंचतात. मेंदूंतील रक्तवाहिन्यांच्या भिंतींत त्यांच्यामुळें प्रोस्टाग्लॅंडिन नांवाचें द्रव्य तयार होतें. तापाचा पारा चढवितें तें हेंच, आणि भुकेवर झांकण घालण्यांतही ह्याचा हात आहे. ताप आणि अरुचि हीं एका घरचीं भावंडें आहेत असें म्हणतां येईल. म्हणूनच डॉक्टरांनीं दिलेल्या औषधानें ताप उतरला कीं पुष्कळदां मूल आपणहून कांहीं तरी मागतें. ती घटका आईनें वाया दवडूं नये.

भुकेच्या दप्तरांत पुढें काय घडतें? जनावरांवरील प्रयोगांत असें दिसून आलें आहे कीं, अंतर्विषानें चरबींतून निघणारें लेप्टिन वाढतें, म्हणजे कोठार रिकामें होत असतांही "भरलें आहे" अशी खबर जाते. उंदरांत घ्रेलिन कमी होतें, म्हणजे रिकामें जठरही मुकें बसतें. हायपोथॅलॅमसमध्यें जेवण थांबविणाऱ्या ज्या मज्जापेशी आहेत त्या उत्तेजित होतात. तथापि हा कारभार एकट्यादुकट्याच्या हातीं नाहीं. जन्मापासून लेप्टिन नसलेल्या उंदरांची जात आहे. त्यांसही अंतर्विष दिलें तर भूक जातेच. एक वाट बंद केली तर दुसऱ्या वाटेनें निरोप जातो. भूक वाढविण्याच्या बाटल्या बाजारांत खपविणाऱ्यांनीं ही गोष्ट गिऱ्हाइकास कधीं सांगितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तापाच्या मुळाशीं जंतु असतां भुकेच्या टॉनिकावर दोनशें रुपये घालविणें म्हणजे घरास आग लागली असतां हांक मारणाऱ्या शेजाऱ्याचें तोंड बांधणें होय.

परंतु शरीर आपलीच भूक कां मारतें? ह्याचा विचार करणाऱ्या मरे दांपत्यानें १९७९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिस्टेरिया नांवाच्या जंतूंची बाधा झालेल्या उंदरांस त्यांनीं नळीनें बळेंच अन्न भरविलें. भरविलेले उंदीर अधिक मेले आणि लौकर मेले. आपल्या मर्जीनें उपाशी राहिलेले अधिक वांचले. येल येथील मेजितोव्ह ह्यांच्या मंडळानें २०१६ सालीं हा धागा पुढें नेला. जंतुविषाच्या आजारांत अन्नांतील साखर घातक ठरते असें त्यांस आढळलें. पण इन्फ्लुएंझाच्या आजारांत उलटें दिसलें. तेथें खाऊं घातलेले उंदीर तगले आणि साखरेचा वापर अडविलेले मेले. दुसरेंही एक कारण सांगतात. जंतूंस वाढण्यास लोह लागतें. आजारांत यकृत एका स्रावाच्या योगें रक्तांतील लोह कोठारांत कोंडून ठेवतें, आणि अन्न बंद झाल्यानें बाहेरून नवें लोह येत नाहीं. घरच्या दाण्यावर शत्रूस पोसावयाचें नाहीं असाच हा बेत दिसतो.

ह्यावरून लंघनवाल्यांचा पक्ष जिंकला असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. गुरुकुंजांत आयुर्वेदाचें महाविद्यालय आहे; आयुर्वेदानें नव्या तापांत लंघन सांगितलें तें अनुभवानेंच सांगितलें, आणि वरील प्रयोग पाहतां तें निराधार नव्हे. परंतु आयुर्वेदांतही लंघन रोग्याचें बळ पाहून करावयाचें असतें, आणि पुढें पेज, मग मऊ भात अशी चढती पायरी असते; आपल्या घरांतून ती पायरी विसरली गेली आणि उपास तेवढा राहिला. विषमज्वर तीन-तीन आठवडे चालतो. युरोप-अमेरिकेंतही पूर्वीं ह्या रोगांत रोग्यास जवळजवळ उपाशी ठेवीत आणि तो हाडांचा सांपळा होऊन मरे. विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यूयॉर्कचे डॉक्टर वॉरन कोलमन ह्यांनीं अशा रोग्यांस दूध, मलई, अंडीं असें भरपूर पण पचण्याजोगें अन्न देऊन त्यांची झीज थांबवितां येते असें दाखविलें. तात्पर्य, उंदराचा दोन दिवसांचा उपास निराळा आणि अशक्त माणसाचा वीस दिवसांचा निराळा. धडधाकट प्रौढास पहिले एक-दोन दिवस अन्न नको वाटलें तर त्याच्या मानगुटीस बसूं नये. पाणी मात्र सोडूं देऊं नये. पातळ आंबील, वरणाचें पाणी, ताक, जें जाईल तें थोडथोडें द्यावें. मधुमेहाचें औषध घेणाऱ्यानें जेवण सुटलें कीं लगेच डॉक्टरास विचारावें.

मुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या अंगीं कोठार असतें कोठें? ग्वाटेमालाच्या खेड्यांत मोजमाप केलें तेव्हां साध्या आजारांतही मुलांचें खाणें सुमारें पांचव्या भागानें घटतें असें आढळलें. वर्षांत सहा-सात वेळां ताप व हगवण झाली तर हा तोटा किती होतो तें आईनेंच हिशेब करून पाहावें. आजारानें भूक जाते, न खाल्ल्यानें बळ जातें, बळ गेल्यानें पुन्हा आजार येतो. स्क्रिमशॉ, टेलर व गॉर्डन ह्या तिघांनीं १९६८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथांत हें चक्र मांडलें. त्यांतील कार्ल टेलर हे मिशनरी आईबापांच्या पोटीं मसुरीजवळ लंढोर येथें जन्मले व पंजाबांतील खेड्यांत त्यांनीं हयातीचीं कैक वर्षें घालविलीं. मेळघाटांतील कोरकू मुलें दगावल्याच्या बातम्या गेलीं कित्येक वर्षें आपण वाचतों. "कुपोषण" ह्या एका शब्दांत त्या संपवितात. बैरागडास राहून डॉक्टर रवींद्र व स्मिता कोल्हे ह्यांनीं जें काम केलें, आणि ज्यासाठीं त्यांस २०१९ सालीं पद्मश्री मिळाली, तें पाहिलें म्हणजे कळतें कीं धान्य आणि औषध हीं दोन निराळीं खातीं नाहींत.

आतां आम्ही त्या प्रसंगाकडे येतों ज्याचा उल्लेख आरंभीं केला.

बांगलादेशांत असें पाहण्यांत आलें कीं, हगवणींत तान्हें मूल वरचें अन्न सोडतें, पण अंगावरचें दूध तितकें सोडीत नाहीं. आईचें दूध हें शेवटपर्यंत टिकणारें अन्न आहे. मग जें बाळ काल नीट पीत होतें तें आज पीत नसेल तर त्याचा अर्थ किती गंभीर असेल! नवजात बाळाच्या रक्तांत जंतु शिरले म्हणजे पुष्कळदां ताप येतच नाहीं. उलट अंग गार पडतें. तें रडून सांगूं शकत नाहीं. त्याचें रडणेंच मंदावतें. अशा वेळीं स्तन तोंडांत दिला तरी न ओढणें हीच त्याची हांक असते. आणि आपल्याकडे त्या हांकेला काय उत्तर मिळतें? "नजर लागली," "झोपाळू आहे," "बाळंतिणीनें कांहीं थंड खाल्लें असेल."

विदर्भांतच गडचिरोली येथें डॉक्टर अभय व राणी बंग ह्यांनीं १९८६ सालीं "सर्च" ही संस्था काढली. १९९३ पासून त्यांनीं ३९ गांवांत नवजात बाळांची घरींच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गांवच्याच थोडें शिकलेल्या बायांस त्यांनीं बाळाच्या रक्तांतील जंतुबाधा ओळखावयास शिकविलें. खुणा अगदीं साध्या होत्या. पूर्वीं नीट असलेलें चोखणें मंदावलें अगर थांबलें. रडणें क्षीण झालें. बाळ सुस्त अगर बेशुद्ध झालें. अंग तापलें अगर गार पडलें. बेंबींत अगर कातडीवर पू झाला. पोट फुगलें, सारख्या ओकाऱ्या अगर जुलाब झाले. श्वासाबरोबर छाती आंत ओढली जाऊं लागली. ह्यांपैकीं दोन खुणा दिसल्या कीं उपचार सुरू. दवाखान्यांत नेण्यास घरचे तयार नसले तर ह्या बाया आईबापांच्या संमतीनें स्वतः जंतुनाशक औषध व इंजेक्शन देत. आरंभीं हजार जन्मलेल्या बाळांत महिन्याच्या आंत ६२ मरत. १९९७-९८ सालीं हा आंकडा सुमारें २५ वर आला. जंतुबाधा झालेल्यांत पूर्वीं शेंकडा सोळा-सतरा मरत, ते तीनाच्या आंत आले. ही हकीकत १९९९ सालीं लॅन्सेट ह्या वैद्यकीय पत्रांत छापली गेली आणि पुढें २०११ पासून सरकारनें घरीं भेट देण्याची ही पद्धत आशा कार्यकर्त्यांच्या हातीं दिली. त्या बायांजवळ मोठें यंत्र नव्हतें. बाळ पितें कीं नाहीं हें त्या रोज विचारीत, आणि स्वतः बसून पाहात.

आमच्या भगिनी बाळंतिणीस भेटावयास जातात तेव्हां बाळाचें नांव काय ठेवणार हें विचारण्याआधीं हें विचारावें, आणि शक्य तर बाळ पाजतांना पाहावें. दोन महिन्यांच्या आंतील बाळानें पिणें सोडलें तर रात्र असो, पाऊस असो, उजाडण्याची वाट पाहूं नये. बाळास आईच्या उघड्या छातीशीं धरून, वर लुगड्यानें झांकून, १०८ ची गाडी बोलवावी व जिल्ह्याच्या अगर तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यांत न्यावें. गाडी येईपर्यंत अंगारा, घुटी, मध ह्यांत वेळ दवडूं नये. बाळ सुस्त असेल तर तोंडांत कांहीं घालूं नये, तें श्वासनळींत जातें.

उलट टोंकास, मोठ्या माणसाची भूक हळूहळू जाऊन दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप व वजनांत घट असेल, तर तो क्षय नव्हे ना हें बेडका तपासून पाहावें. ह्या रोगांत अन्नाचें महत्त्व किती, हें झारखंडांत झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत दिसून आलें. क्षयरोग्याच्या घरच्या माणसांस पुरेसें धान्य-डाळ दिल्यानें त्यांच्यांत नवा क्षय होण्याचें प्रमाण पुष्कळ घटलें.

आजार उतरला कीं कडी वाजविणारे पहारेकरी शांत होतात आणि भूक परत येते, कधीं कधीं दुपटीनें. ह्या वेळीं घरांतली जुनी सावधगिरी आड येते. "नुकताच उठला आहे, जपून द्या" म्हणून मुलास आठ दिवस भाताच्या पाण्यावर ठेवतात. असें करूं नये. जुलाबांतून उठलेल्या मुलास पुढें दोन आठवडे रोजच्यापेक्षां एक जेवण अधिक द्यावें, हा डॉक्टरांचा नियम आहे. तें निराळें रांधावयास नको. घरच्याच वरणभातावर चमचाभर तेल, भाकरी दुधांत कुस्करून, शेंगदाण्याची चटणी बिनतिखटाची, जमल्यास एक अंडें. अंगावर पिणाऱ्यास जास्त वेळां पाजावें. पंधराव्या दिवशीं अंगणवाडींत नेऊन वजन करावें, आणि तें आजारापूर्वींच्या आंकड्यास पोंचलें नसेल तर तें जादा जेवण तसेंच चालूं ठेवावें.